शिंगं साळणाऱ्याची खुर्ची

गुरुवार, २२ ऑगस्ट १९५७. ताडकळस. सकाळी भुरभुर, मग ऊन. दवाखान्यात गर्दी बेताची, त्यामुळे ह्यांना जेवायला वेळेवर येता आलं. समोर दिनकररावांकडे पाथरीकडचे पाहुणे आले होते. पांढरे आले आणि मागून हिरवे गेले. जाण्याआधी दोघे म्हातारे दुपारभर ओट्यावर खुर्ची खरडत बसले. बन्सीधरचं जमलं म्हणतात.

ही नोंद समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंच्या वहीतली. दिनकररावांचं नाव पंचक्रोशीत एकाच गोष्टीसाठी घेतलं जाई. पोळ्याच्या आधी बैलाची शिंगं साळावीत ती त्यांनीच. वर्षभराचा मळ, टवके, जुना रंग पातीनं काढून शिंग गुळगुळीत करायचं आणि मग त्यावर नवा रंग चढवायचा. काम दिसायला सोपं. पण हात जड पडला तर शिंगाच्या आतलं जिवंत लागतं, रक्त येतं, आणि तो बैल पुढच्या पोळ्याला पाती नुसती लांबून पाहिली तरी दावं तोडतो. दिनकररावांनी शिंग हातात घेतलं की बैल डोळे मिटून रवंथ करत उभा राहायचा. लोक ताडकळसच्या बाजाराला येताना बैल घेऊन यायचे, ते बाजारासाठी कमी आणि दिनकररावांसाठी जास्त.

हे झालं श्रावणातलं. बाकीच्या वर्षात त्यांना कोणी विचारत नसे. गुडघे गेलेले, शेत थोरला मुलगा आणि धाकटा बन्सीधर पाहत. दिनकरराव ओट्यावर बसून दोघांना सल्ले देत आणि दोघे 'बरं बाबा' म्हणून आपल्याला हवं तेच करत.

त्यांच्या पत्नी धुरपताबाई. त्यांना रंगाचं वेड होतं. पोळा झाला की डब्याच्या तळाशी थोडा रंग उरतोच. तो टाकून देणं म्हणजे त्यांना अन्न टाकण्यासारखं वाटे. मग दार रंगे, शिडी रंगे, पाण्याची घडवंची रंगे, जात्याचा खुंटा रंगे. एका वर्षी कोंबड्यांचं खुराडं लालभडक झालं, तेव्हा कोंबड्या दोन दिवस आत जाईनात. दिनकररावांची काठी त्यांना न विचारता दोनदा रंगवली गेली होती. "रंग दिला की घर भरल्यावाणी दिसतं," असं धुरपताबाईंचं म्हणणं, आणि त्या घरात उघडं लाकूड औषधालाही सापडत नव्हतं.

आता खुर्ची कशी आली ते.

बन्सीधरचं लग्न जमत नव्हतं. पोरगा कामाचा, निर्व्यसनी, नाकीडोळी नीट. पण चैत्रात पूर्णेकडचे एक पाहुणे घर बघायला आले होते. त्यांना मानानं बाजेवर बसवलं. पाहुणे देहानं भरघोस होते. बसले, आणि सुंभ तुटून सरळ आत गेले. गुडघे कपाळाला लागले, पटका पुढे आला, आणि बाजेच्या चौकटीतून नुसते दोन जोडे बाहेर दिसत राहिले. त्यांना ओढून काढायला घरातली सगळी माणसं लागली. चहा न घेताच ते निघून गेले. पुढे महिनाभर बाजारात लोक एकमेकांना विचारत, "काय, गिळलेला पाहुणा निघाला का?" त्यानंतर त्या घराकडे एकही मुलीचा बाप फिरकला नव्हता.

आता पाथरीकडचे व्यंकटराव येणार होते. त्यांची मुलगी बन्सीधरनं एका लग्नात पंगतीला वाढताना पाहिली होती. तेव्हापासून त्याला पंगतीशिवाय घास जात नव्हता. हे जमलं नाही तर आपण असेच राहणार, असं त्यानं वहिनीला, मनकर्णाबाईला, सांगून ठेवलं होतं. वहिनीनं सासूला सांगितलं, सासूनं नवऱ्याला, आणि नवऱ्याला परभणीला पिटाळलं : बाजेला नवं सुंभ आणा आणि पोळ्याचा रंग आणा.

दिनकररावांनी रंग आणला. सुंभ आणलं नाही. गाडीतून उतरली ती खुर्ची. एवढी रुंद, की एक माणूस बसला तरी दुसऱ्याला जागा विचारता येईल.

"सुंभ आणायला गेला होता ना तुमी?" धुरपताबाई म्हणाल्या.

"हिला सुंभच लागत न्हाई. म्हून तर आणली."

"कुणाची हाय?"

"सरकारची. जुन्या बंगल्यातल्या सामानाचा हर्रास चालला होता. माझ्याच बोलीवर सुटली."

"मेलेल्या मानसाची न्हाई ना?"

"साहेब लोक मरत न्हाईत गं. त्येंची बदली होती."

खुर्ची निळी होती. जाड, फुगलेला, जागोजाग पापुद्रे सुटलेला निळा. धुरपताबाईंनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि निकाल दिला : बैलांचं झालं की उरलेला हिरवा हिला. डबा हिरव्याचा होता.

दिनकरराव खुर्चीत बसले. कित्येक वर्षांत त्यांचे गुडघे इतके सुखात नव्हते. बसल्या बसल्या अंगठ्याच्या नखानं खुर्चीच्या हातावरचा एक पापुद्रा त्यांनी उचकटला. खाली पांढरा निघाला. पांढरा खरवडला तर खाली लालसर काळा. आता त्यांना राहवेना. त्यांनी आतून शिंगं साळायची पाती आणली.

समोरून आश्रुबा सुतार चालले होते, ते थांबले. आश्रुबा गावातले एकमेव सुतार, आणि दिनकररावांचे बरोबरीचे.

"काय करायलाव, दिनकरराव?"

"बघायलोय आत काय हाय."

आश्रुबा वाकून पाहू लागले. "निळा हा हैदराबाद राज्याचा. पांढरा पोलीस ॲक्शननंतर जो साहेब आला त्येचा. आन हा काळपट हाय ना, हा निजामाच्या तालुकदाराच्या वक्ताचा. साहेब बदलला की पैला रंग खुर्चीला."

"आन आता मुंबई राज्य आलं, त्येंनी कोन्ता दिला?"

"मुंबईवाल्यांनी हर्रास केला."

दिनकरराव पाती चालवत राहिले. हैदराबाद राज्य दोन दिवसांत गेलं. पांढरं त्याहून चिवट निघालं. निजामाचा रंग तर सगळ्यांत घट्ट बसला होता, त्याला आठवडा लागला. आणि मग खाली शिसवी लाकूड दिसलं. काळंभोर, त्यातून पिंगट रेषा गेलेल्या, आणि पुढे आलेले दोन्ही हात टोकाशी आत वळलेले, अगदी लाल कंधारी बैलाच्या शिंगासारखे. दिनकररावांनी त्या वळणावरून तळवा फिरवला, मग पुन्हा फिरवला.

"हिला रंग लावायचा न्हाई," शेवटी म्हणाले.

"का म्हून?"

"बघ की जरा, लाकूड कसं हाय!"

"बघितलं. बिनकुंकवाच्या कपाळावाणी दिसायलंय."

"चांगलं कपाळ हाय ते," दिनकरराव म्हणाले. "आपलंच डोळं रंगाला चटावलेत."

धुरपताबाईंना हे लागलं. "पाहुनं म्हनतील, ह्येंच्या घरात रंगाला पैसा न्हाई. मंग पोराला ठेवा असंच. तुमची खुर्ची सांभाळायला होईल."

पोराचं नाव निघालं की दिनकरराव नरम पडत. त्यांनी मुदत मागितली. पाहुणे येईपर्यंत खुर्ची चकचकीत करून दाखवतो, नाही जमली तर तुझा हिरवा. धुरपताबाईंनी डबा फळीवर ठेवला, पण खुर्ची दिसेल अशा जागी.

मुदत मिळाली आणि त्याच दिवशी खुर्ची हलायला लागली. इतकी वर्षं तिचा मागचा एक पाय नुसत्या रंगानं धरून ठेवला होता. आश्रुबांनी खिळा काढला, तसे दिनकरराव आडवे आले.

"खिळा न्हाई. जिवंत लाकडाला कुनी खिळा ठोकतं का? बैलाला ठोकतेत का?"

"नाल काय डिंकानं चिकटवतेत का?"

दिनकरराव सरळ खिळ्यावरच बसले. शेवटी आश्रुबांनी बाभळीची खुंटी तासून सांध्यात बसवली. जाताना म्हणाले, "आता जवसाचं तेल पुसा, आन वाळू द्या. घाई करू नका."

जवसाचं तेल चटणीत घालायचं की खुर्चीला, ह्याबद्दल दिनकररावांचं मत ठाम होतं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी करतात. वर्षभर जू ओढून कडक झालेल्या खांद्यांना लोणी आणि हळद चोळतात. शिंगं साळून झाली की त्यांनाही दिनकरराव तेच लावत. त्यांच्या हाताखाली आलेल्या प्रत्येक शिंगाला जे मानवलं, ते ह्या लाकडाला का मानवू नये? त्यांनी शिंक्यावरून लोण्याचा गोळा काढला, हळद घातली, आणि खुर्चीची खांदेमळणी केली. मनोभावे केली, अगदी पायापर्यंत.

लोणी गेल्याबद्दल धुरपताबाईंनी आधी मांजराला मारलं. दुसऱ्या दिवशी तेच मांजर खुर्ची चाटताना दिसलं, तेव्हा त्यांना सगळा उलगडा झाला.

खुर्ची झळकत होती खरी. पिवळी झळकत होती. तिसऱ्या दिवशी तिला वास येऊ लागला. मुंग्या चारही पायांनी चढू लागल्या. दवाखान्यात येणारे रोगी समोरून जाताना नाकाला उपरणं लावून मग डॉक्टरांकडे येत, त्यामुळे डॉक्टरांना सुरुवातीला साथीचाच संशय आला. दिनकररावांनी खुर्ची उन्हात ठेवायला म्हणून गोठ्याजवळ नेली. तिथे बांधलेल्या थोरल्या बैलानं मान लांबवली, वास घेतला, आणि खुर्चीचा डावा हात चाटायला सुरुवात केली. बैलाची जीभ म्हणजे काही रेशीम नव्हे. तासाभरात तो हात वळणापासून कोपरापर्यंत घासून निघाला, लोणी गेलं, हळद गेली, आणि खाली शिसव असं उजळलं की त्यात बैलाचं नाक दिसावं.

दिनकररावांनी हे पाहिलं. इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच खुर्ची फिरवली आणि उजवा हात बैलापुढे केला.

हात दोन्ही झाले. पण बैलाला पाठ, बैठक आणि पाय ह्यांत काही गोडी वाटेना. तिथे मीठ लावून पाहिलं, तरी त्यानं तोंड फिरवलं. इथवर आलं आणि गुरुवार उजाडला.

दिनकरराव पाहुण्यांना घ्यायला मोटारीच्या थांब्यावर गेले. ते वळणापलीकडे जाताच धुरपताबाईंनी फळीवरून डबा काढला. खुर्ची ओट्यावर, त्यांच्या डोळ्यांसमोर होती : हात काळे, बाकीची पिवळी, आणि मुंग्या. पोराच्या जन्माचा प्रश्न होता. मुदत संपली होती.

"मनकर्णा, तू पाठीकडून घे. मी बैठक घेते. हात शेवटी."

"आत्या, वाळंल का वो?"

"पाहुनं पाय धुवंपर्यंत वाळतंय."

रंग लोण्यावर बसेना. ब्रश मारला की हिरवा घसरायचा, गोळा व्हायचा, ओघळून पायाशी यायचा. धुरपताबाई जितका जास्त लावत, तितका तो जास्त घसरे. बैठक, पाठ, पुढचे पाय आणि मागचा एक पाय झाले होते तोच ओट्याखाली जोडे वाजले. मोटार त्या दिवशी कधी नव्हे ती वेळेवर आली होती. धुरपताबाईंनी खुंटीवरची घोंगडी ओढली, खुर्चीवर पसरली, आणि हिरवे हात पदरात गुंडाळून दाराआड झाल्या.

व्यंकटराव उंचपुरे, पांढरंशुभ्र धोतर, पांढरी बंडी, पांढरा पटका. बोलणं कमी. त्यांनी बाजेकडे संशयानं पाहिलं, म्हणजे गिळलेल्या पाहुण्याची गोष्ट पाथरीपर्यंत पोचली होती. मग ते खुर्चीत बसले.

खुर्ची करकरली नाही. हलली नाही. दारातून बन्सीधर मागच्या पायाकडे बघत होता, तो श्वास सोडून आत गेला.

चहा झाला. जमीन किती, विहिरीला पाणी कुठवर, हे विचारून झालं. व्यंकटराव मधूनमधून हवा हुंगत होते, पण माणूस मर्यादेचा. "बैल बघावं म्हनतो," असं म्हणून ते उठले, आणि त्यांच्याबरोबर घोंगडीही उठली.

ती मागे लोंबत होती. कुणाला ती काढायला हात लावायचं धैर्य होईना. व्यंकटरावांनीच मागे हात नेला, घोंगडी सोडवली, आणि हात पुढे आणला तो हिरवा. मग त्यांनी मान वळवून, जेवढं दिसेल तेवढं धोतर पाहिलं. खुर्चीला घोंगडीची लोकर चिकटून लव फुटल्यासारखी दिसत होती.

दाराआड धुरपताबाई देवाचं नाव घेत होत्या. बन्सीधरचा चेहरा उतरला होता.

"ह्ये काय हो, दिनकरराव?"

दिनकररावांनी दाराकडे पाहिलं. पदराखालून हिरवी बोटं दिसत होती. 'बायकोनं केलं' एवढं म्हटलं असतं तरी सुटका होती. ते म्हणाले, "पाहुनं, ह्या खुर्चीवर आमच्या घरात दोन मतं हायत. तुमी दोन्हीवर बसला."

आणि मग त्यांनी सगळंच सांगितलं. हर्रास, रंगांचे थर, लोणी, हळद, बैल. काही लपवलं नाही. गेलेलं स्थळ तर गेलंच होतं, आता निदान खुर्चीची बाजू तरी कुणाला तरी कळावी.

व्यंकटराव हसले नाहीत. त्यांनी खुर्चीच्या वळलेल्या हातावरून अंगठा फिरवला, टोकापर्यंत नेला, परत आणला.

"ह्ये कुनी साळलं?"

"मीच."

"शिंगाच्या पातीनं?"

"व्हय. पाती तीच."

व्यंकटराव खाली बसले. धोतराची काळजी आता उरली नव्हती. त्यांचं दुखणं हळूहळू बाहेर आलं. घरी दोन जोड्या. गेल्या पोळ्याला एका माणसानं शिंगं साळताना रक्त काढलं. आता एकही बैल माणसाला डोक्याजवळ येऊ देत नाही. पोळा रविवारवर आलेला, आणि शिंगं तशीच. "गावात दोन जोड्यांचा धनी मी, आन काळ्या शिंगांनी मिरवायचं? त्यापरीस पोळ्याला गावात नसल्यालं बरं."

"पाती बघायची का?" दिनकररावांनी विचारलं.

पाती आली. दिनकररावांनी पाठीवरचा हिरवा एका लांब ओढीत काढला. लाकडाला ओरखडा नाही. व्यंकटरावांनी पाती घेतली आणि पहिल्याच हाताला लाकडात खाच पाडली.

"रगत निघालं असतं," दिनकरराव म्हणाले. "जोर मनगटात नको. आन नजर बैलाच्या कानावर. कान हलला की हात थांबला पायजे."

"खुर्चीला कान कुटं हाय?"

"म्हून तर खुर्चीवर शिका."

दुपार अशी गेली. धुरपताबाईंनी आतून दुसरी पाती पाठवली. मग पुन्हा चहा पाठवला. शेवटी डॉक्टरीणबाईंकडून वाटीभर रॉकेल आणून धोतर पुसायला म्हणून स्वतःच बाहेर आल्या. दोघे म्हातारे एकेका बाजूनं खरडत होते, लोकर आणि हिरवा रंग अंगावर उडत होता, आणि लग्नाचा विषय कुणीच काढत नव्हतं. बन्सीधर तीनदा पाणी घेऊन आला. कुणी प्यायलं नाही.

"पाहुनं," धुरपताबाईंना राहवेना, "पोरीचं काय ठरवायलाव?"

व्यंकटराव दचकले. मुलगी त्यांच्या ध्यानातूनच गेली होती. "शनवारी या की सगळे. ह्येंनी शिंगं साळावीत. तुमी पोरगी बघून घ्या."

"आवसेच्या तोंडावर पोरगी बघायची?"

"मंग आवस झाल्यावर शिंगं साळून काय करू?"

मोटारीचा भोंगा वाजला, व्यंकटराव पाती ठेवून उठले, आणि धोतराचा सोगा सावरत थांब्याकडे चालू लागले. बन्सीधर त्यांची पिशवी घेऊन मागून निघाला होता. सगळ्या गावानं त्यांची पाठ पाहिली. "शनवारी मी बैलाचं दावं धरतो," असं तो त्यांना सांगत होता, आणि बैल माणसाला जवळ येऊ देत नाहीत हे त्याच्या कानात शिरलेलंच नव्हतं.

शनिवारी शिंगं साळली गेली. थेंबभर रक्त निघालं नाही. मुलगी पाहणं दोन जोड्यांच्या मधल्या वेळात उरकलं, आणि मार्गशीर्षात लग्न लागलं.

खुर्चीला पुढे आश्रुबांनी स्वतः जवसाचं तेल लावलं, आणि दिनकररावांना ती वाळेपर्यंत हात लावू दिला नाही. तोवर मनकर्णाबाईंनी मागच्या बाजूनं जो एक पाय रंगवला होता, तो तसाच राहून गेला होता. व्यंकटराव तिकडूनच खरडत होते आणि मोटार आली. दिनकरराव तो साफ करायला गेले, तशा धुरपताबाई म्हणाल्या, "तेवढा पाय माझा." दिनकररावांनी थोडा विचार केला आणि पाती खाली ठेवली. दर पोळ्याला उरलेला रंग त्या पायाला लागू लागला. त्या पायावर किती थर चढले ते त्यांनी कधी खरडून पाहिलं नाही.

त्या गुरुवारी डॉक्टरीणबाईंनी समोरच्यांकडून परत आलेली वाटी घासून ठेवली, आणि संध्याकाळी नोंदीखाली आणखी एक ओळ लिहिली : दोडक्याची भाजी, भाकरी. विरजण फार आंबट झालं होतं, म्हणून शेजारच्या कमलबाईंकडून नवं आणलं.